तिकिटावरचा हात

शालनची व्हीलचेअर मला स्टेजच्या मागे सापडली. जनरेटरशेजारी उभी होती आणि तिच्यात शालन नव्हती. हवेची गादी जागेवर होती. गादीवर कुणीतरी नारळांची पिशवी आणि शालींचा गठ्ठा ठेवला होता.

मी फक्त टेंपो लावायला गेलो होतो. रज्जाक गाडी मागे घेत होता आणि मी ‘येऊ दे, येऊ दे’ करत होतो, तेवढाच वेळ. जाताना शालनला सभागृहाच्या दारात सावलीला ठेवलं होतं आणि शिंत्रे सरांना सांगितलं होतं, मी येईपर्यंत हिला हलवू नका.

“ह्या खुर्चीतल्या बाई कुठं गेल्या?” मी जनरेटरवाल्याला विचारलं.

“वर बसवल्या की. चौघांनी उचलून नेल्या. तुम्ही कोण त्यांचे?”

“मालक.”

“मग बघा की जाऊन. लई थाटात बसवल्यात.”

मी पिशवी आणि शालींचा गठ्ठा खाली टाकला, गादी काखेत मारली आणि पडद्याच्या फटीतून वर गेलो. लग्नाच्या स्टेजवर नवरानवरीला बसवतात तसल्या सोनेरी नक्षीच्या खुर्च्यांची रांग मांडली होती. लाल मखमल, पाठीला मोर. मधल्या खुर्चीत शालन बसली होती. तिनं पिवळी साडी नेसली होती, केसांत अबोली होती. पाय तिचे तिला हलवता येत नव्हते, ते कुणीतरी नीट जुळवून पाटावर ठेवले होते. बसवणाऱ्यांनी मान राखला होता, त्यात काही खोट नव्हती. पण खाली गादी नव्हती. मखमलीखाली फळी होती, हे मला उभ्या उभ्या कळलं.

शिंत्रे सर लगबगीनं आले. आमच्या क्रीडा संघटनेचे सचिव. भला माणूस, पण कार्यक्रम म्हटला की त्यांच्या अंगात यायचं.

“मिस्त्री, कशी दिसते बघा वहिनींची बैठक! ती व्हीलचेअर फोटोत बरी नसती दिसली. आज त्यांचा मान आहे.”

“सर, तिला जखम आहे.”

“कुठं?”

आता चारचौघांत काय सांगणार? म्हणालो, “बसायच्या जागी.”

“अरेरे,” ते म्हणाले. “पण आता साहेब निघालेत तिकडून. पाच मिनिटांत येतील. एकदा फोटो झाला की हलवू.” आणि ते माईकवाल्याकडे धावले.

शालनला छातीच्या खाली काही कळत नव्हतं. लग्नानंतर दुसऱ्याच उन्हाळ्यात ती पत्र्यावर पापड वाळत घालताना खाली पडली होती. खाली चटका बसो, काटा रुतो, तिला पत्ता लागायचा नाही. एकाच जागी बसून बसून कातडी मरते आणि आतून जखम होते. त्या वर्षी तशी जखम झाली होती आणि ती कशीबशी भरत आली होती. डॉक्टरीणबाईंनी बसायला मनाई केली होती. अगदीच जायचं तर गादीवर बसायचं, ते पण थोडंच, आणि अधूनमधून दोन्ही हातांवर जोर देऊन अंग वर उचलायचं. मला बाजूला घेऊन त्यांनी आणखी एक सांगितलं होतं. “हिला दुखणं कळणार नाही. पण कपाळाला घाम फुटला, मान लाल झाली, डोकं ठणकायला लागलं, तर समजा खाली काहीतरी बिघडलंय. मग वाट बघू नका. रक्तदाब असा चढतो की माणूस हातचं जातं.”

म्हणून इचलकरंजीहून कोल्हापूरपर्यंत ती टेंपोत पालथी झोपून आली होती. रज्जाकनं सुताची बाचकी उतरवून खाली दोन गाद्या अंथरल्या होत्या. मी शेजारी मांडी घालून बसलो होतो.

“काय अडलंय गं?” मी वाटेत म्हणालो होतो. “पोस्टातून तिकीट आणून दाखवलं असतं की तुला घरात.”

“तुम्हाला काय कळतंय,” ती म्हणाली. “मला बघायचंय एक.”

“काय बघायचंय?”

“बघितल्यावर सांगते.”

पोस्ट खात्यानं दिव्यांग खेळाडूंवर तिकिटं काढली होती. त्यातलं गोळाफेकीचं तिकीट शालनच्या एका फोटोवरून केलंय, असं आम्हाला कळवलं होतं. वर नाव नाही, नुसतं चित्र. चित्र आम्ही बघितलं नव्हतं. ते त्या दिवशी उघडायचं होतं आणि उघडायचा मान शालनचा होता.

मी गादी घेऊन तिच्याजवळ गेलो. वाकून हळूच म्हणालो, “उचलू?”

“समोर बघा आधी.”

समोर सगळं सभागृह भरलेलं. शाळेच्या मुली, खुर्चीवरचे खेळाडू, त्यांची माणसं, कॅमेरेवाले.

“एवढ्या लोकांसमोर मला उचलून खाली गादी सारणार? बाळाचं दुपटं बदलल्यासारखं?” ती हसत होती, पण आवाज कडक होता. “जरा वेळाचं काम आहे. बसते मी.”

“तू अंग उचलणार कशी? ह्या खुर्चीचे हात बघ किती लांब आहेत.”

तिनं दोन्ही हात पसरून बघितले. एका वेळी एकच हात टेकत होता. ते तिलाही कळलं. पण माघार घेईल तर ती शालन कसली.

“अहो, मैदानावरचाच नियम इथं,” ती म्हणाली. “मी हात मारल्याशिवाय वर यायचं नाही. गादी घेऊन जावा.”

हा नियम काय ते सांगतो. बसून गोळा फेकणाऱ्यांची एक लोखंडी चौकट असते. चौकट जमिनीला आवळतात आणि माणसाला चौकटीला पट्ट्यांनी बांधतात. कारण फेकताना बूड उचललं गेलं तर फेक बाद. शालनची चौकट मी माझ्याच वर्कशॉपमध्ये जोडली होती, दारं-खिडक्यांचं काम बाजूला ठेवून. पट्ट्या तिच्या आईच्या इरकली लुगड्याच्या काठाच्या होत्या. विकतच्या पट्ट्यांनी कातडी सोलायची आणि तिला कळायचं नाही. बांधायचो मीच. बांधून झालं की मला हद्दीबाहेर जावं लागायचं. मग ती एकामागून एक सगळ्या फेकी टाकायची, आणि शेवटची टाकून झाली की डाव्या हाताचा पंजा वर घेऊन चौकटीच्या नळीवर दोनदा मारायची. बांगड्यांसकट. लोखंड असं वाजायचं की मैदानाच्या पलीकडं ऐकू जावं. त्याचा अर्थ, झालं माझं, या आणि सोडा.

एकदा बंगळुरूला तिचा चेहरा बघून मी हात मारायच्या आधीच आत धावलो. तिची एक फेक उरली होती. पंचांनी ती बाद धरली. परतीच्या वाटेवर ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. घरी आल्यावर चहाचा कप हातात घेऊन म्हणाली, “मी हात मारला होता का?” मी म्हणालो, “नाही.” ती म्हणाली, “मग?” बस, एवढंच. त्यानंतर मी कधी आधी उठलो नाही.

गादी घेऊन मी खाली आलो आणि पहिल्या रांगेच्या कडेला बसलो. रज्जाक शेजारी येऊन बसला.

“भाभी राणीवाणी दिसायलीत,” तो म्हणाला. “आणि तुमी गादी घेऊन बसलाय, राणीचे हुजरे.”

“रज्जाक, तिच्या खाली फळी आहे.”

त्याचं हसू गेलं. तो वर बघत राहिला.

पाच मिनिटं म्हणता म्हणता शाळेच्या मुलींचं स्वागतगीत झालं. पाहुणे आले नाहीत म्हणून आणखी एक गीत झालं. मग एका मुलीनं भाषण केलं. सूत्रसंचालन करणारा बोलायला लागला की थांबेना. साहेबांची गाडी पुलाजवळ आली आहे, असं तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, साहेब शहरात दाखल झाले आहेत. मध्ये मध्ये तुतारीची रेकॉर्ड लावायचे, ती कानात घुमायची.

मी शालनकडं बघत होतो. खुर्च्यांपुढं लांब टेबल होतं, झालर लावलेलं, आणि त्यावर मधोमध फुलांची भलीमोठी परडी. त्यामुळं मला तिचं तोंड आणि खांदे तेवढे दिसत होते. हात दिसत नव्हते. मी माझे दोन्ही हात खुर्चीवर टेकून थोडा वर उठून दाखवलं. म्हणजे, अंग उचल. तिनं मान हलवली. जमत नाही म्हणाली की नको म्हणाली, ते समजलं नाही.

“जाऊन या की वर,” रज्जाक म्हणाला.

“हात मारला नाही तिनं.”

“काय?”

“तुला नाही कळायचं.”

“मला न्हाई कळत, पण तुमचा पाय किती हलायलाय ते दिसतंय. खुर्ची हलायली माझी.”

मी पाय दाबून धरला. शालनच्या एका बाजूला पोस्टाच्या अधीक्षक बसल्या होत्या, पेंढारकर मॅडम म्हणून. त्या शालनकडं झुकून काहीतरी बोलल्या. शालन हसून काहीतरी म्हणाली. मला जरा बरं वाटलं. हसतेय, म्हणजे ठीक आहे. मग आठवलं, गोळा फेकताना खांदा निखळला होता तेव्हाही ती पंचांकडं बघून अशीच हसली होती.

दुसऱ्या बाजूची खुर्ची रिकामी होती. ती साहेबांची. तिच्यावर गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या होत्या.

“आणखी एक स्फूर्तिगीत सादर करतील...” सूत्रसंचालक म्हणाला.

मी शिंत्रे सरांना गाठलं. “सर, उघडून घ्या की ते चित्र. साहेब आल्यावर भाषण करू देत.”

“अहो मिस्त्री, असं कसं? त्यांच्याच हस्ते आहे ना.”

“तुम्ही तर म्हणाला, शालनच्या हस्ते.”

“त्यांच्या हस्ते वहिनींच्या हस्ते,” सर म्हणाले. त्यांना स्वतःलाही ते नीट पटलं नसावं. “जरा कळ काढा. इतकी वर्षं वाट बघितली, आता थोडक्यासाठी कशाला?”

मी परत येऊन बसलो. आता मी दुसरं काही ऐकत नव्हतो. फक्त कान लावून बसलो होतो, दोन आवाजांसाठी. गाणं चाललं होतं, ढोलकी चालली होती, आणि मी त्या सगळ्याच्या खालून पंजाचा आवाज शोधत होतो. तो येत नव्हता. मनाशी म्हणत होतो, शालन, मार की हात. सोड तो हट्ट. एकदा मार, मी असा वर येतो.

ती मारत नव्हती.

मग मला तिच्या कपाळावर चकाकी दिसली. दिव्यांचा उजेड पडलाय असं आधी वाटलं. तिनं पदरानं कपाळ टिपलं आणि लगेच पुन्हा तिथं चमकलं. वरच्या ओठावर पण थेंब.

“गरम होत असंल,” रज्जाक म्हणाला.

“मॅडमना बघ. त्यांना आलाय का घाम?”

त्यानं बघितलं. मॅडम कोरड्या होत्या.

शालनची मान लाल झाली होती. अबोलीच्या खाली, कानामागं, भाजल्यासारखी लाल. तिनं डोळे मिटले आणि उघडले. मी उठलो. परत बसलो. माझ्या डोळ्यांसमोर तो चहाचा कप आला, आणि ते ‘मग?’. पुन्हा एकदा तिची फेक मी बाद करणार, आणि ह्या वेळी सगळ्या गावासमोर. आणि नाही उठलो तर?

“मिस्त्री,” रज्जाक हळू म्हणाला, “भाभी रागावल्या तर मी समजूत घालतो. पण रागवायला माणूस पायजे का नको?”

मी गादी उचलली आणि स्टेजकडं निघालो.

पायरीवर पोलीस होता. “साहेब गेटवर आलेत, आता वर जाता येत नाही.”

“माझी बायको आहे ती.”

“असू दे हो. थांबा दोन मिनिटं.”

मागून रज्जाकनं त्या पोलिसाच्या खांद्यावर हात टाकला. “हवालदारसाहेब, मी थांबतो त्यांच्या जागी. मला अडवा.” पोलीस त्याच्याकडं वळला तेवढ्यात मी वर गेलो. गाणाऱ्या मुलींच्या मधून गेलो. एका मुलीचा सूर चुकला.

शालननं मला बघितलं. तिचे डोळे लाल झाले होते. मी म्हणालो, “मला माहीत आहे, तू हात मारला नाहीस, पण...”

“मारला नाही?” ती दात आवळून म्हणाली. “किती वेळा मारायचा? मारून मारून हात दुखला! बहिरे झालात का?”

मी तिच्या डाव्या हाताकडं बघितलं. फुलांच्या परडीआड, खुर्चीच्या हातावर तिचा पंजा होता. तिनं तो उचलला आणि माझ्यासमोर पुन्हा मारला. दोनदा. काहीच वाजलं नाही. मखमल आणि खाली मऊ फोम. मूठभर कापसावर मारल्यासारखं झालं. मैदानात लोखंड वाजायचं. इथं खुर्चीचा हातच मऊ होता.

जन्मात कधी फेकी संपायच्या आधी हात न मारलेली बाई. ती बोलवत होती आणि मी खाली बसून कान लावत होतो.

“डोकं फुटतंय,” ती म्हणाली. आता आवाज अगदी बारीक.

मी तिच्या खाली हात घातला. ओलं होतं. हात बाहेर काढून मी धोतराला पुसला, तिला दिसू नये म्हणून. तिला दिसलंच.

“उघडली का जखम?”

“उघडली.”

“मग उचला.”

मी तिला उचललं. गाणं थांबलं होतं. शिंत्रे सर दोन्ही हात पसरून धावत आले. “मिस्त्री, पडद्यामागं! पडद्यामागं न्या, लोक बघतायत!”

“पडद्यामागं नाही,” शालन म्हणाली. माझ्या खांद्यावर तिचं डोकं होतं, पण सर दोन पावलं मागं झाले. “अहो, इथंच ठेवा मला. पालथी. मी ते बघितल्याशिवाय जात नाही.”

“शालन, दवाखाना...”

“पालथी झोपले की उतरतं ते. तुम्हाला माहीत आहे. ठेवा.”

मी तिला टेबलापुढं स्टेजच्या गालिच्यावर पालथी ठेवली. छातीखाली हवेची गादी दिली. पेंढारकर मॅडमनी स्वतःच्या अंगावरची शाल काढून तिच्या कमरेवर टाकली, जिथं पिवळ्या साडीवर डाग पसरत होता. मी शालनच्या कपाळावर हात ठेवून बसलो. घाम गार लागत होता. मी मनात आकडे म्हणत राहिलो, कुठवर म्हटले ते मला आठवत नाही. हळूहळू मानेचा लाल रंग उतरायला लागला.

“कसं आहे?” मॅडमनी विचारलं.

“उतरतंय,” शालन म्हणाली. दोन्ही कोपरांवर ती जरा वर झाली. बसता येत नव्हतं, पण तेवढं तिला मस्त जमायचं. “मॅडम, उघडायचं का?”

मॅडमनी शिंत्रे सरांकडं बघितलं. सरांनी दाराकडं बघितलं. मॅडम म्हणाल्या, “चित्र खाली आणा.” आणि त्या तिथंच गालिच्यावर मांडी घालून बसल्या. मग शेजारचे दोन-तीन पाहुणे पण खुर्च्या सोडून खाली बसले. पंगतीला बसल्यासारखे. शिंत्रे सर शेवटी बसले, गुडघा धरून.

चकचकीत कागदात गुंडाळलेली, रिबीन बांधलेली मोठी चौकोनी पाटी शालनसमोर उभी धरली. सूत्रसंचालकाला काय करावं ते कळत नव्हतं, पण माईक हातात होता म्हणून त्यानं बोलायला सुरुवात केली. शालननं रिबीन ओढली. कागद फाडला.

आधी मला फक्त रंग दिसले. मग चौकट दिसली. माझी चौकट. चारी पाय, आडवी नळी, पुढचा उभा दांडा, आणि डाव्या कोपऱ्यातला तो जोड, जो मी घाईत केला होता आणि जरा फुगला होता. चित्रकारानं तो फुगीर जोडसुद्धा काढला होता. गुडघ्यांवर इरकली काठाच्या पट्ट्या.

“चौकट आली की हो!” शालन म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं.

“दर वेळी पेपरवाले इथून कापतात.” तिनं आपल्या छातीवर बोट आडवं फिरवलं. “वर तोंड आणि मेडल. चौकट कधी आलीच नाही कुठं. मला बघायचं होतं, ह्यांनी तरी ठेवलीय का कापलीय.” मग मॅडमना म्हणाली, “ह्यांनी जोडलीय ती. घरी. खिडक्यांच्या नळ्यांची.”

मी चित्राकडंच बघत राहिलो. सूत्रसंचालकाचा आवाज आता रंगात आला होता.

“आणि पाहा, पाहा तो उंचावलेला हात! विजयाचा हात! जिंकल्याचा आनंद ह्या हातातून कसा ओसंडून वाहतो आहे!”

चित्रात शालनचा डावा पंजा वर होता, उघडा, बांगड्या कोपराकडं घसरलेल्या.

शालननं माझ्याकडं बघितलं आणि मी तिच्याकडं. पुण्याच्या स्पर्धेतला फोटो होता तो. शेवटची फेक झाली होती आणि हात नळीवर यायचा होता. फोटोवाल्यानं तो वरच पकडला होता. ती जिंकली होती ते खरं. पण तो हात म्हणत होता, झालं माझं, या आणि सोडा.

तिला हसू फुटलं. पालथं पडून हसणं अवघड असतं, पण तिला आवरेना. मलाही आवरेना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, आनंदानं हसताहेत.

तेवढ्यात साहेब आले. मागं चार-सहा माणसं, कडक इस्त्रीचे कपडे. स्टेजवर सगळ्या खुर्च्या रिकाम्या आणि माणसं खाली. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. “बसा साहेब,” शालन कोपरांवरून म्हणाली, “जागा आहे.” साहेब बसले. मांडी घालताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मी कुणाच्याही भाषणाला थांबलो नाही. रज्जाकनं टेंपो मागच्या दाराला लावला होता. वाटेत शालन पालथी पडून तिकिटांच्या कागदाकडं बघत होती, आणि मी तिच्या मानेकडं.

“अहो.”

“काय?”

“हात ऐकू आला नाही, तरी तुम्ही आलात.”

“हो.”

“पुढं पण असंच करत जावा. मला काय, आवाज होतोय का नाही ते कळत नाही.”

जखम भरायला पावसाळा गेला आणि हिवाळाही गेला. तेवढे दिवस ती पालथीच होती. पालथी पडून भाजी निवडायची, पालथी पडून मला ओरडायची. गोळा तिनं पुन्हा हातात घेतला नाही. चौकट वर्कशॉपच्या कोपऱ्यात राहिली. रज्जाक म्हणायचा, भंगारात द्या. मी नाही दिली.

तिकिटांचा कागद तिनं फाडू दिला नाही. मी म्हणालो, एखादं पत्राला लावू. ती म्हणाली, “आणि पोस्टवाला काळा शिक्का मारेल तुमच्या चौकटीवर. नको.”

पुढं काही वर्षांनी, शेवटच्या आजारात, तिच्या किडन्यांनी साथ सोडली. मोठ्या दवाखान्यात ठेवलं होतं. नळ्या ओढू नयेत म्हणून नर्सनं तिचे हात पट्टीनं पलंगाच्या कठड्याला बांधले होते. तोंडात नळी, बोलता येत नव्हतं. दुपारची वेळ होती. मी बाहेर बाकावर बसलो होतो आणि डॉक्टर मला पुढं काय काय करता येईल ते सांगत होते. आणखी एक मशीन, आणखी एक नळी. मी ऐकत होतो.

आतून आवाज आला. लोखंडावर पंजा. दोनदा.

बांगड्या नव्हत्या हातात, काढून माझ्याकडं दिल्या होत्या. तरी तो आवाज मी हजार आवाजांत ओळखला असता. आता कुठं मखमल नव्हती. कठडा होता, लोखंडी.

मी आत गेलो आणि पट्टी सोडायला लागलो.

“बाबा, सोडू नका,” नर्स म्हणाली. “त्या नळी ओढतील.”

“नाही ओढणार,” मी म्हणालो. “तिच्या फेकी संपल्यात.”

दारात डॉक्टर उभे होते. मी त्यांना म्हणालो, आणखी मशीन नको.

गाठ माझी नव्हती, नर्सची होती. सुटायला वेळ लागला. शालन माझ्याकडं बघत होती, उशीर झाला की बघायची तशी. सुटल्यावर तिनं तो हात माझ्या हातावर ठेवला आणि तिथंच राहू दिला.

तिकिटावर तो अजून वर आहे.